ड्रिल लावण्याआधी प्लॅस्टिसिन लावावे
जुन्या एक-सिलिंडर मोटारसायकलच्या क्रँकचा (पिस्टनमुळे फिरणाऱ्या, फ्लायव्हील असलेल्या दांड्याचा) तोल साधताना अंदाजाने पाडलेले भोक बुजवता येत नाही. म्हणून क्रँक समपातळीतील दोन समांतर धारांवर ठेवावा आणि बॅलन्स फॅक्टरनुसार (पिस्टनसह वर-खाली हलणाऱ्या भागांच्या वजनाचा जेवढा हिस्सा तोलायचा, ते प्रमाण) हिशेबाने आलेले वजन, कनेक्टिंग रॉडच्या लहान, म्हणजे पिस्टनकडील, टोकाचे वजन त्यातून वजा करून, त्याच टोकाला टांगावे. क्रँकपिन (रॉडचे मोठे टोक जिच्यावर बसते ती पिन) खाली जात असेल, तर फ्लायव्हीलच्या तिच्या विरुद्ध कडेला प्लॅस्टिसिन (मळून चिकटवता येणारी खेळण्याची माती) चिकटवत जावे; क्रँक कुठल्याही स्थितीत जागच्या जागी थांबू लागला की ते काढून तोलावे. तेवढेच वजन तितक्याच त्रिज्येवर क्रँकपिनच्या बाजूने ड्रिलने काढावे. क्रँकपिन वर येत असेल, तर बाजू उलट. पोलादात १० मिमी व्यासाचे, १० मिमी खोल भोक सुमारे ६ ग्रॅम उतरवते. भोके दोन्ही फ्लायव्हीलवर सारखी विभागावीत, मात्र क्रँकपिनच्या बसणीजवळ मुळीच पाडू नयेत.