पॉलीटनेल लावताना हवामानाच्या बाबतीत होणाऱ्या या चुका टाळा

पॉलीटनेल म्हणजे पाइपच्या कमानींवर प्लॅस्टिकचा पेपर चढवून केलेलं, आत पिकं घ्यायचं बोगद्यासारखं छप्पर. ते फाटलं, झोल पडला, पाणी साचलं की सगळे आधी पेपरला नावं ठेवतात. पण बऱ्याचदा पेपर चांगलाच असतो, तो चढवला त्या दिवशीची हवा चुकीची असते. सुट्टी आहे, मदतीला माणसं आलीत, मग आजच उरकून टाकू, ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी ती स्वतः केलेली आहे.

माझं झालं असं की वारा नको म्हणून आम्ही अगदी सकाळी सकाळी, चांगलीच थंडी असताना पेपर चढवला. ढोलासारखा ताठ बसला, सगळे खूश. दुपारी ऊन चढलं आणि बघतो तर दोन कमानींच्या मधे पेपर लोंबतोय, हाताने दाबला तर वीतभर आत जात होता. कारण साधं आहे, पॉलिथीन उष्णतेने प्रसरण पावतं. 10 मीटर पेपर 20 अंशांच्या फरकाने साधारण 3-4 सेंटीमीटर वाढतो आणि तेवढी ढील झोल पडायला भरपूर होते. थंडीत पेपर कडक असतो त्यामुळे आपण खूप ताणलाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो ताणलेला नसतोच. ऊबदार दिवशी मऊ झालेला पेपर ओढून बसवला तर थंडी पडल्यावर तो आकसतो आणि आपोआप आणखी ताठ होतो, आपल्याला हेच हवंय. पण म्हणून रणरणत्या उन्हातही नको, तेव्हा तो इतका मऊ पडतो की जोरात ओढला तर कमानीवर ताणून पातळ होतो, आणि नेमका तिथेच पुढे फाटतो. मला विचाराल तर ऊन पसरल्यावर, पण वारा सुटायच्या आधीचे जे दोन-तीन तास मिळतात ते सोन्यासारखे.

वाऱ्याचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. 10 बाय 7 मीटरचा 200 मायक्रॉन जाडीचा पेपर जेमतेम 13 किलोचा असतो, पण त्यात हवा भरली की चार माणसांना आवरत नाही, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. झाडाची बारीक पानं सतत हलत असतील तर पेपरची घडी उघडूच नका. आणि अर्धा पेपर लावून बाकीचं उद्या बघू असं तर कधीच करू नका. उघड्या सांगाड्यातून वारा आरपार निघून जातो, पण अर्धवट झाकलेल्यात तो आत शिरून सगळं वर उचलतो. उशीर झाला, आभाळ भरून आलं, तर सरळ पेपर उतरवून गुंडाळून ठेवा, वाईट वाटेल पण ठेवा.

पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असते, कमानींचे पाइप पटकन ठोकले जातात म्हणून लोक खूश होतात, पण चिखलात ठोकलेला पाइप वाऱ्यात तितक्याच सहज हलतो. उलट जमीन वाळून दगडासारखी झाली असेल तर पाइपचं तोंड फाकतं आणि तो तिरका जातो. आदल्या दिवशी पाणी मुरवून ओलसर केलेली जमीन सगळ्यात बरी. पेपरच्या कडा चरात पुरणार असाल तरी तेच, चिखलाने चर भरला तर तो वाळताना आकसतो, भेगा पडतात आणि कड निसटते. कोरडी माती थोडी थोडी टाकून पायाने तुडवत भरायची. पाइपला काँक्रीट केलं असेल तर निदान आठवडाभर पेपर चढवायची घाई करू नका, कारण पेपर लागला की वारा कमानीला वर खेचायला लागतो.

कमानींना फोमची टेप लावायची ती पण कोरड्या हवेतच, दवाने ओल्या पाइपवर ती धरतच नाही. ही टेप वाचवू नका हो, उन्हात तापलेला पाइप पेपरला थेट टेकला की तिथून तो लवकर कुजतो.

आता झोल पडलाच असेल तर घाबरू नका, ऊबदार आणि वारा नसलेली दुपार बघून एकाच बाजूचा चर उकरायचा, मधल्या भागापासून टोकांकडे सरकत पेपर ओढायचा आणि परत पुरायचा. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करू नका. झोलात पाणी साचलं तर आतून मऊ झाडू वर दाबून ते बाहेर ढकला, लगेच, कारण 1 चौरस मीटरवर 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे 10 किलो वजन. काही जण पाणी काढायला भोक पाडतात, कृपा करून नको, पुढच्या वाऱ्यात तिथूनच चीर वाढत जाते. चीर पडली तर पॉलीटनेलची रिपेअर टेप मिळते, पण पेपर पुसून पूर्ण कोरडा करून, उन्हाने जरा कोमट झाल्यावर दोन्ही बाजूंनी लावा, ओल्यावर लावलेली माझी टेप तर दोन दिवसांत सुटून आली होती.