गावरान लसूण ओळखा, तिरफळ वापरा

चिनी लसणाच्या आयातीवर 2014 पासून बंदी आहे, तरी तो अधूनमधून बाजारात दिसतोच. पांढराशुभ्र, जाड पाकळ्यांचा, मुळांकडून साफ तासलेला गड्डा असेल तर विक्रेत्याला माल कुठला ते विचारा. गावरान लसणाच्या कुड्या बारीक, बऱ्याचदा जांभळट झाक असलेल्या. सोलायला कटकट, पण फोडणीत दोन-चार पुरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा लसूण निघतो. तेव्हा पातीसकट जुडी घेऊन हवेशीर जागी टांगा, फ्रीजमध्ये नको.

चिनी पदार्थांसाठी सिचुआन मिरी शोधताय? आपलं कोकण-गोव्यातलं तिरफळ तिचंच भावंड! काळी बी काढून टाका, सालं तव्यावर किंचित गरम करून ठेचा. चव हुबेहूब तीच नाही, पण जिभेला मुंग्या येतातच.