फ्लाय बांधायला पीस कसं निवडायचं: आधी बोटांनी तपासा, रंग नंतर बघा

फ्लाय टायिंग नव्यानं सुरू केलं की सगळ्यात आधी माणूस रंगाला भुलतो. समोर पाकिटं आली की चकचकीत निळं, नारिंगी, ठिपक्याठिपक्यांचं असं काय काय उचललं जातं, आणि मग बांधायला बसल्यावर कळतं की यातलं निम्मं पीस दांडी जाड म्हणून हुकवर बसत नाही आणि उरलेलं निम्मं पाण्यात पडल्या पडल्या भिजून लगदा होतं. माशाला रंग दिसतो हे खरंच आहे, पण त्याआधी फ्लाय पाण्यात नीट वागली पाहिजे, आणि ते वागणं पिसाच्या जातीवर, ते पक्ष्याच्या अंगावर कुठे होतं त्यावर आणि त्याच्या कडकपणावर ठरतं. म्हणून माझं सांगणं एकच, पीस हातात घ्या, वाकवा, चोळा, ओलं करून बघा, रंगाचा विचार सगळ्यात शेवटी.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी: फ्लाय म्हणजे हुकवर दोऱ्यानं पिसं, केस, तार वगैरे बांधून केलेलं किड्यासारखं किंवा बारक्या माशासारखं आमिष. आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: ही फ्लाय तरंगणार, बुडणार की पोहणार?

पीस घ्यायच्या आधी हे ठरलेलं पाहिजे. ड्राय फ्लाय पाण्यावर उभी राहते, तिला कडक तंतूंचं, पाणी न पिणारं पीस लागतं, म्हणजे कोंबड्याचं. वेट फ्लाय आणि निंफ (पाण्यात वाढणाऱ्या किड्याच्या पिल्लाची नक्कल) पाण्याखाली जातात, त्यांना उलट मऊ, पाणी पिणारं, प्रवाहात हलणारं पीस लागतं, म्हणजे कोंबडीचं किंवा तितराचं. आणि स्ट्रीमर म्हणजे बारक्या माशाची किंवा जळूची नक्कल, तिथे लांब आणि लवलवणारं पीस हवं, उदाहरणार्थ मॅराबू नावाचं मऊ पीस. या तीन खान्यांपैकी पीस कुठल्या खान्यातलं आहे हे कळलं की अर्धी निवड झालीच.

पायरी २: ड्राय फ्लायचं हॅकल

हॅकल म्हणजे हुकभोवती गुंडाळायचं पीस, त्याचे उभे राहिलेले तंतू फ्लायला पाण्यावर धरतात. इथे जरा वेळ देऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

पिसाच्या मधे दांडी असते, दोन्ही बाजूंना तंतू, आणि त्या तंतूंना आणखी बारीक उपतंतू. पिसाच्या बुडाकडे हे उपतंतू एकमेकांत अडकून दाट जाळी करतात, त्याला वेब म्हणतात. पीस उजेडासमोर धरा, दांडीला लागून मधोमध जो गडद, मळकट पट्टा दिसतो तोच वेब. वेब पाणी शोषतो. ड्राय फ्लायसाठी हा पट्टा जितका अरुंद आणि जितका लवकर संपणारा तितकं पीस चांगलं. कोंबडीच्या मानेच्या पिसात तो जवळजवळ टोकापर्यंत जातो, म्हणून ते तरंगायच्या कामाचं नाही.

आता बोटांची परीक्षा. तंतू बोटानं उलट्या दिशेनं वाकवा आणि सोडा. चांगला तंतू ताबडतोब सरळ होतो, कमजोर तंतू वाकलेलाच राहतो. काही जण तंतूंची टोकं ओठाला टेकवून बघतात, ओठाची कातडी बोटापेक्षा नाजूक असल्यामुळे बारीक टोचणं लगेच जाणवतं (पीस धुतलेलं आणि खात्रीच्या ठिकाणचं असेल तरच हे करा). मग दांडी. पिसाचा हळूच गोल करा. बारीक आणि लवचिक दांडी न मोडता गोल होते, जाड किंवा सुकून ठिसूळ झालेली दांडी मधेच कडकन तुटते, आणि चपटी दांडी हुकवर गुंडाळताना पीळ खाते मग तंतू एकसारखे उभे न राहता इकडेतिकडे पसरतात. पीस तुटलं तर निदान कळतं तरी, पण पीळ खाणारं पीस प्रत्येक फ्लायला डोकं खातं, तेव्हा ही परीक्षा चुकवू नका.

साइजचं गणित सोपं आहे. हुकच्या टोकापासून वरच्या सरळ दांडीपर्यंत म्हणजे शँकपर्यंतची जी उघडी जागा, तिला गेप म्हणतात. तंतूंची लांबी या गेपच्या दीडपट ते दुप्पट असली की हॅकल त्या हुकला बसलं. मोजायला पीस तोडायची गरज नाही, ते कातड्यावर असतानाच हुकच्या शँकभोवती वळवा, तंतू पंख्यासारखे उघडतील आणि लांबी समोर दिसेल. हॅकल गेज नावाची छोटी पट्टी मिळते, ती घेतलीत तर काम आणखी लवकर होतं. हुकचा नंबर जितका मोठा तितका हुक लहान हे मात्र डोक्यात ठेवा, १६ नंबरचा हुक १२ पेक्षा बारीक असतो आणि नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

मग प्रश्न येतो केप घ्यायची की सॅडल. केप म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं, सॅडल म्हणजे पाठीच्या मागच्या भागाचं. केपवर अगदी बारीक हुकपासून मोठ्या हुकपर्यंत सगळ्या साइजची पिसं असतात, पण ती आखूड, एका फ्लायला बहुतेक वेळा दोन लागतात. शिवाय मोठी पिसं शेपटीला आणि पंखाला वापरता येतात. सॅडलची पिसं लांबच लांब असतात, फ्लाय टायिंगसाठीच पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेल्या कोंबड्यांचं एक पीस कितीतरी फ्लायना पुरतं, पण एका सॅडलवर साइज दोन-तीनच सापडतात. माझं मत विचाराल तर वेगवेगळ्या नंबरच्या फ्लाय बांधायच्या असतील तर पहिली खरेदी केप, आणि एकाच साइजच्या भरपूर बांधायच्या असतील तर सॅडल. अर्धी केप मिळत असेल तर तीही चालते.

ग्रेडचं फार टेन्शन घेऊ नका. वरची ग्रेड म्हणजे साधारणपणे पिसं जास्त, लांब आणि बारीक साइजचीही मुबलक. खालच्या ग्रेडचं पीस वाईटच असतं असं नाही, १२-१४ च्या फ्लाय बांधणाऱ्याला ते मस्त पुरतं.

आणि आता रंग, कारण त्याची पाळी आता आली. दोनच घ्यायचे असतील तर ग्रिझली म्हणजे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं, आणि तपकिरी. ॲडम्स ही जगभर चालणारी ड्राय फ्लाय, १९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधली, तिचं हॅकल याच दोन रंगांचं एकत्र गुंडाळलेलं असतं आणि पंखही ग्रिझली पिसाच्या टोकांचे. पट्टेरी पीस पाण्यावर फडफडणाऱ्या किड्यासारखा भास देतं, त्यामुळे ते कुठल्याच एका किड्यापुरतं मर्यादित राहत नाही. तिसरा रंग घ्यायचा तर राखाडी, ज्याला डन म्हणतात. रंगवलेलं पीस घेताना मात्र दांडीची परीक्षा पुन्हा करा, ब्लीच करून रंगवलेली पिसं कधीकधी ठिसूळ होतात.

एक गंमतशीर पण खरी गोष्ट, २०११ च्या सुमाराला केसात लांब पिसं लावायची फॅशन आली आणि ग्रिझली सॅडल सलूनवाले उचलायला लागले, फ्लाय टायर लोकांना पिसं मिळेनात आणि भाव कुठल्या कुठे गेले. चांगला कोंबडा वाढवायला वेळ लागतो, मागणी वाढली म्हणून पिसं लगेच वाढत नाहीत.

पायरी ३: पाण्याखालच्या फ्लायला मऊ पीस

इथे वरचे सगळे नियम उलटे. वेब हवा, तंतू मऊ हवेत, ओले झाल्यावर मागे वळून अंगाला लागले पाहिजेत आणि प्रवाहात पुन्हा उघडले पाहिजेत. तितराच्या मानेची आणि पाठीची ठिपकेदार पिसं यासाठी उत्तम, आणि कोंबडीची केपही चांगलीच. परीक्षा म्हणजे पीस ओलं करा, पाण्याच्या भांड्यात धरून हलवा, तंतू हलताना दिसले पाहिजेत. ताठ उभे राहिले तर ते पीस इथलं नाही. बुडाचा कापसासारखा भाग काढून टाका, टोकाकडून बांधा, आणि दीड-दोन वेढ्यांवर थांबा, जास्त वेढे दिले की तंतूंना हलायला जागाच उरत नाही. लांबीला तंतू हुकच्या वळणापर्यंत किंवा किंचित पुढे गेले तरी ठीक.

पायरी ४: सीडीसी, बदकाची जादू

बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्या भोवतालची बारीक पिसं म्हणजे सीडीसी. ती तरंगतात त्याचं श्रेय लोक तेलाला देतात, पण मोठं काम त्यांच्या रचनेचं आहे, बारीक पीळदार उपतंतूंमध्ये हवा अडकून राहते. म्हणून रंगवताना तेल गेलेलं सीडीसीही तरंगतं. निवडताना तंतू लांब, दाट आणि न तुटलेले बघा, दांडी बारीक. पाकिटात पीस चिकटून चपटं झालेलं असेल तर हलकी फुंकर मारा, उमललं तर घ्या. आणि यावर जेलसारखं फ्लोटंट (फ्लाय तरंगत ठेवायला लावतात ते) कधीच लावू नका, तंतू चिकटतात आणि हवा अडकायची जागाच संपते. फ्लाय भिजली तर फडक्यात दाबून सुकवायची आणि कोरडी पावडर लावायची.

पायरी ५: मॅराबू आणि स्ट्रीमरची बाकी पिसं

नाव मॅराबू करकोच्यावरून आलं असलं तरी आज बाजारात मिळतं ते टर्कीचं मऊ पीस. पाण्यात त्याच्याइतकं जिवंत दुसरं काही हलत नाही, वुली बगर नावाच्या स्ट्रीमरची शेपटी त्याचीच. कोरडं पीस फुललेलं दिसतं आणि फसवतं, ओलं केल्यावर किती उरतं ते बघा. टोकं बारीक आणि दांडी पातळ असलेली ब्लड क्विल शेपटीला चांगली, जाड दांडीची आणि बोथट टोकांची पिसं बाजूला ठेवा. वुली बगरच्या अंगावर गुंडाळायला सॅडल किंवा श्लॅपेन, म्हणजे सॅडल आणि शेपटीच्या मधलं लांब, वेबवालं पीस. इथे वेब असला तर चांगलंच.

पायरी ६: अंगाला लागणारी पिसं

फेझंट या रानपक्ष्याच्या नराच्या शेपटीच्या मधल्या पिसाचे तंतू निंफला लागतात. इंग्लंडमधले नदीरक्षक फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निंफ याच तंतूंची आणि तांब्याच्या तारेची, त्यांनी दोऱ्याऐवजी तारच वापरली, वजनही झालं आणि बांधणीही. लालसर झाक असलेलं, लांब तंतूंचं पीस बघा.

मोरपिसाचे चमकदार तंतू, म्हणजे हर्ल, फार नाजूक, माशाच्या दातांनी लगेच तुटतात, त्यामुळे वरून बारीक तार गुंडाळा. भरगच्च हर्ल हवं तर डोळ्याखालच्या दांडीवरचं, आणि केस खरवडून पट्टेदार अंग करायचं तर डोळ्याच्या आसपासचं. टर्की किंवा हंसाच्या उडायच्या पिसाच्या अरुंद बाजूचे कडक तंतू म्हणजे बायट्स, त्यांच्यापासून स्टोनफ्लाय या पाणकिड्याच्या नकलेच्या दुहेरी शेपट्या होतात.

जुन्या पद्धतीचे पंख बांधायचे असतील तर बदकाच्या पंखाची पिसं जोडीनं घ्या, एक डावीकडचं आणि एक उजवीकडचं. एकाच बाजूची दोन घेतली तर पंख एकाच दिशेला वळतात आणि फ्लाय फेकताना भिरभिरते.

पायरी ७: पीस आलं कुठून?

हे विचारल्याशिवाय घेऊ नका. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार बहुतेक स्थानिक रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा परवान्याशिवाय ठेवता येत नाही, बाकी देशांचेही आपापले नियम आहेत. सॅमन फ्लायमध्ये, म्हणजे सॅमन माशासाठी बांधतात त्या फ्लायमध्ये, मानाचं समजलं जाणारं जंगल कॉक पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं असतं, आणि हा पक्षी फक्त भारतातला. त्यामुळे ते पाळीव पक्ष्यांचं आणि कागदपत्रांसकट असेल तरच घ्यावं, नाहीतर नक्कल वापरावी, मासा काही तक्रार करत नाही. दुर्मिळ पिसांची हाव कुठपर्यंत जाते बघा, जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली आणि चोर निघाला सॅमन फ्लाय बांधणारा. कातड्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांवर पक्षी कुठे आणि कधी मिळाला हे लिहिलेलं असतं, त्या काढून टाकल्या की अभ्यासासाठी ते कातडं जवळजवळ निकामी होतं, आणि परत मिळालेल्या कित्येक कातड्यांचं तसंच झालं. रंगवलेल्या टर्कीच्या पिसात त्याच फ्लाय सुंदर होतात.

पायरी ८: घरी आणल्यावर

कसर आणि पिसं खाणारे भुंगेरे एका महिन्यात सगळा साठा खाऊ शकतात. म्हणून नवीन पीस थेट डब्यात टाकू नका. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळवा, हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग दोनेक दिवस बाहेर, मग पुन्हा फ्रीझर, म्हणजे मधल्या काळात अंड्यातून बाहेर आलेलेही मरतात. पिशवी उघडल्यावर भुसा किंवा कुरतडलेले तंतू दिसले तर ती बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करा. साठा उन्हापासून लांब ठेवा, रंग उडतो. आणि प्रवासात चेपून वाकडी झालेली पिसं टाकू नका, किटलीच्या वाफेवर चिमट्यानं काही सेकंद धरली की बहुतेक सरळ होतात.