कानाच्या सीटीवर शिरांमधले फरक कसे शोधावेत

मराठवाड्यात कानाचा सीटी बऱ्याचदा एकाच कारणासाठी काढला जातो. लहानपणापासून वाहणारा कान, आत कोलेस्टिॲटोमाचा (हाड पोखरत वाढणाऱ्या त्वचेच्या गोळ्याचा) संशय आणि पुढे मॅस्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) ऑपरेशन. मग रिपोर्टमध्ये ऑसिकल्स (मधल्या कानातली छोटी हाडं), स्क्यूटम (पडद्याच्या वरची हाडाची कड), फेशियल नर्व्हचा (चेहऱ्याच्या नसेचा) मार्ग, लॅटरल कॅनालवरचं (तोल सांभाळणाऱ्या नळीवरचं) हाड हे सगळं येतं आणि शिरांचं नावही निघत नाही. ड्रिल हातात असलेल्या सर्जनला मात्र या शिरा आधीच माहीत असायला हव्यात. कान-नाक-घसा विभागातले निवासी डॉक्टर, नवे रेडिओलॉजिस्ट आणि सीटी तंत्रज्ञ यांनी कानाभोवतीच्या शिरा कोणत्या क्रमाने पाहाव्यात, ते इथे सांगितलं आहे.

सुरुवात स्कॅनपासूनच करावी लागते. डोक्याच्या नेहमीच्या सीटीचे 5 मिमीचे स्लाइस इथे कामाचे नाहीत. जुग्युलर बल्बवरचा (मानेतल्या मोठ्या शिरेच्या वरच्या फुगीर टोकावरचा) हाडाचा पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि जाड स्लाइसमध्ये तो दिसेनासा होतो. 0.5 ते 0.625 मिमीचे स्लाइस, बोन अल्गोरिदम, विंडो सुमारे 4000 आणि लेव्हल सुमारे 700 ठेवावी. दोन्ही कानांचं रिकन्स्ट्रक्शन वेगवेगळं, लहान फील्डमध्ये करावं. त्याच डेटावरून सॉफ्ट टिश्यू अल्गोरिदमचा एक संचही काढून ठेवावा, त्यासाठी जादा रेडिएशन लागत नाही. बरेच तंत्रज्ञ मॅस्टॉइडच्या टोकाला स्कॅन थांबवतात. शिरांसाठी तो जुग्युलर फोरामेनच्या (ही शीर कवटीतून बाहेर पडते त्या छिद्राच्या) खाली, पहिल्या मणक्यापर्यंत न्यावा.

आणि सीडी द्यावीच. गेवराईहून संभाजीनगरला किंवा अहमदपूरहून लातूरला आलेल्या रुग्णाच्या हातात नुसती फिल्म असेल, तर त्यावर कोणीतरी निवडलेली मोजकीच चित्रं असतात. शीर ओळखायची तर ती स्लाइसमागून स्लाइस, दोन्ही टोकांपर्यंत बघत जावं लागतं. फिल्मवर ते जमत नाही.

पाहण्याचा क्रम रक्ताच्या प्रवाहाप्रमाणे ठेवावा: ट्रान्सव्हर्स सायनस (सायनस म्हणजे इथे कवटीतली मोठी शीर), मग सिग्मॉइड, मग जुग्युलर बल्ब, शेवटी मानेतली शीर. हे सगळं दोन्ही बाजूंना. बहुतेक माणसांत उजवी बाजू मोठी असते, त्यामुळे उजवं जुग्युलर फोरामेन रुंद दिसलं आणि त्याच्या कडा गुळगुळीत असल्या तर तो आजार नाही.

सिग्मॉइड सायनस कधी फार पुढे, कधी फार बाहेर सरकलेला असतो. लॅटरल सेमीसर्क्युलर कॅनाल दिसणाऱ्या ॲक्शियल (आडव्या) स्लाइसवर थांबा. कानाच्या नळीची मागची भिंत आणि सायनसची पुढची कड यांतलं सर्वांत कमी अंतर मोजा. दुसरं अंतर मॅस्टॉइडच्या बाहेरच्या कॉर्टेक्सपासून (हाडाच्या घट्ट थरापासून) सायनसपर्यंतचं. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. ‘सायनस पुढे आहे’ एवढंच लिहिलं तर सर्जनला नेमकं काही कळत नाही. बालपणापासून वाहणाऱ्या कानात मॅस्टॉइड आक्रसलेलं आणि घट्ट असतं. तिथे पुढे आलेला सायनस आणि खाली उतरलेला ड्युरा (मेंदूचं आवरण) हे दोन्ही एकत्र सापडले, तर ॲन्ट्रमकडे (मॅस्टॉइडमधल्या मुख्य पोकळीकडे) जायला चिंचोळी वाट उरते. अशा कानात सायनसजवळ कटिंग बर (ड्रिलचं कापणारं टोक) बाजूला ठेवून डायमंड बर (घासणारं टोक) घ्यावा लागतो. सायनस उघडलाच तर आधी बोटाने दाब द्यायचा, मग सर्जिसेलचा (रक्त थांबवणाऱ्या जाळीचा) मोठा तुकडा छिद्रावर बसवायचा. सुटा छोटा तुकडा आत ढकलला तर तो रक्ताबरोबर पुढे वाहून जाऊ शकतो. हवा आत ओढली जाऊ नये म्हणून डोकं खाली करायचं.

सर्वांत जास्त वेळ द्यावा जुग्युलर बल्बला. तो ‘उंच’ कधी म्हणायचा याच्या एकापेक्षा जास्त व्याख्या आहेत: कोणी टिम्पॅनिक ॲन्युलसची (पडद्याभोवतीच्या कड्याची) खालची कड धरतं, कोणी कॉक्लियाचा (आतल्या कानातल्या शंखाचा) बेसल टर्न (पहिला वेढा), कोणी इंटर्नल ऑडिटरी कॅनालचा (ऐकण्याच्या नसेच्या बोगद्याचा) तळ. तुम्ही कोणती खूण धरली ते रिपोर्टमध्ये लिहा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलना करता येत नाही. मधल्या कानाच्या ऑपरेशनला ॲन्युलसशी असलेलं नातं महत्त्वाचं, तर कॅनालमधल्या गाठीच्या ऑपरेशनला कॅनालच्या तळापासूनचं अंतर.

उंचीनंतरचा प्रश्न झाकणाचा. बल्ब आणि मधल्या कानाचा तळ (हायपोटिम्पॅनम) यांच्यामध्ये हाडाचा पापुद्रा आहे का? इथे एक फसवणूक नेहमी होते. बल्बचा घुमट आडवा असतो, म्हणून ॲक्शियल स्लाइसमध्ये त्यावरचं पातळ हाड शेजारच्या घनतेत मिसळतं आणि हाड नाहीच असं वाटतं. कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने), दोन्ही चित्रांत तीच जागा उघडी दिसली तरच ‘डिहिसन्ट’ (हाडाचं आवरण नसलेला) लिहा. खरोखर उघडा बल्ब ओटोस्कोपीत (कानात दिव्याने पाहताना) पडद्याच्या मागच्या-खालच्या भागात निळसर दिसतो. कानात पाणी साठलंय असं समजून तिथे मायरिंगॉटॉमी (पडद्याला छेद) केली तर जोरात रक्तस्राव होतो. टिम्पॅनोप्लास्टीत (पडद्याच्या दुरुस्तीत) टिम्पॅनोमिएटल फ्लॅप (नळीची त्वचा आणि पडदा यांचा पदर) उचलतानाही बल्ब फाटू शकतो.

बल्बमधून बोटासारखा फुगवटा वर आणि आत गेलेला असेल तर तो डायव्हर्टिक्युलम. तो व्हेस्टिब्युलर ॲक्वेडक्टला (आतल्या कानाच्या बारीक नलिकेला) किंवा इंटर्नल ऑडिटरी कॅनालला भिडतो का, हे मुद्दाम पाहावं. चक्कर किंवा कमी ऐकू येण्याची तक्रार असलेल्या रुग्णात ही माहिती उपयोगी पडते.

मधल्या कानाच्या तळाशी मऊ घनतेचा गोळा दिसला की तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. उंच बल्ब खाली जुग्युलर फोरामेनला सलग जोडलेला असतो आणि त्याच्या कडा गुळगुळीत, कॉर्टेक्स असलेल्या असतात. ग्लोमस जुग्युलेरमध्ये (बल्बजवळच्या रक्ताळ गाठीत) त्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. ॲबरन्ट कॅरोटिड (वाट बदललेली मेंदूची मोठी धमनी) मागून-बाहेरून मधल्या कानात शिरतो, प्रॉमॉन्टरीवरून (मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरच्या उंचवट्यावरून) पुढे जातो आणि आडव्या कॅरोटिड कॅनालला मिळतो, तो शीर नसून धमनी आहे. त्यामुळे नीट ओळखल्याशिवाय अशा गोळ्याची बायॉप्सी घ्यायचीच नाही.

आता एमिसरी शिरा, म्हणजे कवटीतल्या शिरा बाहेरच्या शिरांना जोडणाऱ्या. कानामागे, ऑक्सिपिटोमॅस्टॉइड सिवनीजवळ (हाडांच्या सांध्याजवळ), सिग्मॉइडमधून बाहेर डोक्याच्या कातडीकडे जाणारा छोटा बोगदा म्हणजे मॅस्टॉइड एमिसरी शिरेचा मार्ग. एकच असेल असं नाही, दोन-तीनही असतात. बाहेरचं तोंड, आतलं तोंड आणि व्यास, तिन्ही नोंदवा. कानामागचा छेद मागे वाढवताना किंवा पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) उचलताना ही शीर तुटली की रक्त हाडाच्या छिद्रातून येत राहतं. तिथे कॉटरीपेक्षा (जाळून रक्त थांबवण्यापेक्षा) बोन वॅक्स (छिद्र बुजवायचं मेण) बरं, कारण छिद्राच्या आत खोलवर कॉटरी केली तर सायनसच्या भिंतीला इजा होऊ शकते. ही शीर फार मोठी दिसली तर लगेच जुग्युलर फोरामेन बघा. ते अरुंद असेल तर मेंदूतल्या रक्ताचा बराचसा निचरा याच वाटेने होत असतो. अशी शीर विचार न करता बांधू नये. सिग्मॉइडमध्ये गुठळी झाल्यावर मॅस्टॉइडच्या मागे येणारी सूज, म्हणजे ग्रिसिंगर चिन्ह, याच शिरेमुळे दिसते.

पेट्रोस्क्वॅमोझल सायनस सहज नजरेतून सुटतो. गर्भावस्थेतली ही शीर पुढे बहुतेकांत बंद होते. काहींत ती उरते: ट्रान्सव्हर्स सायनसपासून निघून पेट्रस आणि स्क्वॅमस हाडांच्या सांध्यावरून पुढे, जबड्याच्या सांध्यामागच्या छिद्राकडे. ॲक्शियल स्लाइसमध्ये मॅस्टॉइडच्या छतावर कॉर्टेक्स असलेली बारीक खाच दिसते. अपघातातल्या रुग्णात तिला फ्रॅक्चर समजण्याची चूक होते. फ्रॅक्चरच्या कडांना कॉर्टेक्स नसतं आणि ते शिरेच्या ठरलेल्या मार्गाने जात नाही. आतल्या कानाची रचना जन्मतः वेगळी असलेल्या मुलांत, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांटच्या तपासणीत, ही शीर मुद्दाम शोधावी. जुग्युलर फोरामेनच्या मागचा पोस्टीरियर कॉन्डिलर कॅनाल मात्र नोंदवून पुढे जावं, मॅस्टॉइडच्या ऑपरेशनला त्याचा सहसा त्रास नसतो.

सायनस एका बाजूला दिसतच नसेल तर हाडाकडे बघा. हाडावरची खाचच लहान असेल तर शीर जन्मतः बारीक आहे. खाच पूर्ण मोठी, पण कॉन्ट्रास्टनंतरही आत रक्त भरत नसेल, तर गुठळीचा संशय घ्यावा. कानाचा संसर्ग, ताप आणि डोकेदुखी एकत्र असतील तर साध्या सीटीवर थांबू नये, सीटी व्हेनोग्राम (शिरांचा कॉन्ट्रास्ट सीटी) मागवावा. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी करावी. सायनसमधली गोल, पाण्याइतकी काळी, गुळगुळीत पोकळी बहुधा ॲरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन (मेंदूच्या आवरणाचा नैसर्गिक फुगवटा) असते, गुठळी नव्हे.

‘कानात नाडीसारखा आवाज येतो’ अशी तक्रार असेल तर त्याच बाजूच्या मानेवर हलका दाब द्या. धमनी दबू नये इतकाच. आवाज थांबला तर तो शिरेतून येतोय असं समजून सिग्मॉइडवरचं हाड, त्याचा डायव्हर्टिक्युलम आणि ट्रान्सव्हर्स सायनसचं अरुंद होणं, या तीन जागा आधी तपासाव्यात.

रिपोर्टची ओळ अशी असावी: ‘उजवा जुग्युलर बल्ब ॲन्युलसच्या वर, हायपोटिम्पॅनमकडे हाडाचं आवरण नाही, कोरोनल आणि सॅजिटलवर खात्री केली, सिग्मॉइड ते नळीची मागची भिंत इतके मिमी.’ हीच ओळ डिस्चार्ज कार्डावर मराठीत उतरवावी आणि नातेवाइकांना वाचून दाखवावी. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जातात आणि फिल्म गावीच राहते. तिकडे कान दुखला आणि नव्या डॉक्टरने निळसर पडदा पाहिला, तर ते कार्ड बघून तो सुई लावणार नाही.