पावडर कोटिंग ऑपरेटरने या चुका टाळाव्यात

जॉबवर, म्हणजे कोट करायच्या धातूच्या वस्तूवर, पावडर नीट बसत नाही असे दिसले की बहुतेक ऑपरेटरचा हात आधी पावडर फवारणाऱ्या गनच्या किलोव्होल्टकडे (व्होल्टेजकडे) जातो, आणि माझ्या मते या कामातली सर्वात महाग पडणारी सवय हीच आहे. गनने विद्युतभारित केलेली पावडर जॉबकडे ओढली जाते ती जॉबला पक्के अर्थिंग असते म्हणून. ते तुटले असेल तर व्होल्टेज वाढवून काहीही साधत नाही. हँगर आणि हुक प्रत्येक फेरीत जॉबबरोबर कोट होतात, ओव्हनमध्ये भाजले जातात, आणि तो भाजलेला थर वीज वाहू देत नाही. त्यामुळे हुक वेळच्या वेळी स्वच्छ न केल्यास जॉब दिसायला टांगलेला, पण विजेच्या दृष्टीने अधांतरी राहतो. पावडर कडेला वळून मागच्या बाजूवर बसत नाही, कन्व्हेयरच्या जराशा हिसक्याने झडते, आणि कधी हुकाच्या टोकाशी बारीक ठिणगीही दिसते. हवेत पावडरचा ढग असताना अशी ठिणगी आग लावू शकते, म्हणून हा केवळ फिनिशचा प्रश्न नाही. जॉब आणि अर्थ यांमधला रोध 1 मेगोहमपेक्षा कमी असावा. तो मेगरने (रोध मोजण्याच्या उपकरणाने) मोजावा, अंदाजाने ठरवू नये.

अर्थिंग ठीक असूनही खोल कोपरे कोरडे राहत असतील, तर त्याचे कारण फॅरेडे परिणाम हे असते: विद्युतक्षेत्र जवळच्या कडांवर एकवटते आणि आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. येथे व्होल्टेज वाढवणे उलटे पडते. सपाट पृष्ठभागावर 80 ते 100 किलोव्होल्ट चालत असतील, तर कोपऱ्यांसाठी ते बरेच उतरवावे, हवेचा जोर कमी करावा, कोपरे आधी भरून घ्यावेत आणि सपाट भाग नंतर घ्यावा. जादा व्होल्टेज, जवळ धरलेली गन आणि जाड होत गेलेला थर एकत्र आले की बॅक आयोनायझेशन होते, म्हणजे थरात साचलेला जादा भार पावडरला उलट ढकलतो, आणि भाजल्यावर बारीक खड्डे किंवा ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) दिसते. रिकोट करताना (पुन्हा थर देताना) हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पहिला थर आधीच विद्युतरोधक असतो.

पूर्वप्रक्रियेतली (कोटिंगआधी जॉब धुऊन तयार करण्यातली) चूक त्या दिवशी दिसत नाही, म्हणून ती अधिक फसवी आहे. शेवटच्या धुण्यानंतर पत्र्यावर पाणी सलग पसरते की थेंब-थेंब होऊन तुटते, हे पाहावे. तुटत असेल तर तेल शिल्लक आहे आणि डीग्रीझिंग (तेल काढणे) पुन्हा करावे. फॉस्फेटिंग झालेल्या (फॉस्फेटचा थर चढवलेल्या) जॉबला उघड्या हाताने स्पर्श करू नये, तसेच सांध्यांत ओल राहिलेला जॉब बूथमध्ये (फवारणीच्या कक्षात) नेऊ नये.

ओव्हनच्या पॅनेलवर दिसणारे तापमान हवेचे असते, तर पावडर उत्पादकाने दिलेली वेळ, उदाहरणार्थ 200 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे, जॉबचा धातू त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची असते. 1 मिलिमीटरच्या पत्र्याला 10 मिलिमीटरची पट्टी वेल्ड केलेली असेल, तर पत्रा कधीच तापलेला असतो आणि पट्टी अजून मागे असते. अशा जॉबवर तापमान मोजणारा प्रोब पट्टीवरच लावावा. कच्चा राहिलेला थर चमकदार दिसू शकतो, मात्र धक्क्याने तडकतो आणि एमईके या द्रावकाने भिजवलेल्या कापडाने घासल्यावर मऊ पडतो. उलट, फार वेळ भाजल्यास पांढऱ्या व फिक्या छटा पिवळसर होतात.

कास्टिंग (ओतीव) आणि गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेल्या) जॉबवरचे पिनहोल (सुईच्या टोकाएवढी छिद्रे) बहुधा धातूतून निघणाऱ्या वायूमुळे येतात. त्यासाठी जॉब आधी तापवून घ्यावा. क्रेटर (थरातले गोल खळगे) दिसल्यास कॉम्प्रेस्ड हवेतील तेलावर संशय घ्यावा: स्वच्छ पांढऱ्या कापडावर हवा काही वेळ सोडली की डाग स्वतःच सांगतो. सिलिकॉन असलेला स्प्रे बूथच्या आसपासही वापरू नये.

जॉबवर न बसता बूथमधून परत मिळालेली पावडर चाळूनच, आणि नव्या पावडरमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळून वापरावी. तिच्यात बारीक कण जास्त असल्याने तीच सलग फिरवत राहिल्यास थर असमान होतो. पावडरची बॅग थंड खोलीतून आणली असेल तर ती कामाच्या जागेच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, अन्यथा आत दव धरून गाठी होतात.

गन धरणाऱ्या हातात रबरी हातमोजा असल्यास ऑपरेटर स्वतः गनच्या अर्थपासून तुटतो. म्हणून वीजवाहक हातमोजे, अँटिस्टॅटिक बूट आणि चांगला मास्क घालूनच बूथमध्ये उभे राहावे.