गाडीच्या आधी वायरिंग : सीमाभागात कार्बन-तटस्थ प्रवासाचा खर्च आणि तयारी

विजेची गाडी बघायला शोरूममध्ये जाण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवावी. घरातले कोण, कोठे, किती किलोमीटर गेले, एकटे गेले की दोघेतिघे मिळून गेले आणि गाडी रात्री नेमकी कोठे उभी राहिली, एवढ्या गोष्टी रोज लिहून काढाव्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच घरातल्या फेऱ्यांचे स्वरूप फार वेगवेगळे असते. एक जण रोज उद्यमबागेत कामाला जातो, दुसऱ्याची आठवड्यातून एकदा कोल्हापूरची खेप असते, घरातली वयस्कर माणसे महिन्यातून दोनदा दवाखान्यात जातात आणि उन्हाळ्यात एखादी गोव्याची सहल होते. या वहीशिवाय काढलेला खर्चाचा आकडा अंदाजपंचेच राहतो.

वही हातात आली की इंधनाचा हिशेब सोपा आहे. पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि घरगुती वीज करासह युनिटला सात रुपये असे सोयीसाठी धरू. रोज ४० किलोमीटरप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस स्कूटर चालवणाऱ्याचे १२,००० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरला त्यासाठी सुमारे २६,७०० रुपये लागतात. विजेच्या स्कूटरला चार्जिंगमधली घट धरून किलोमीटरमागे ०.०३ युनिट लागले, तर वर्षाला ३६० युनिट, म्हणजे सुमारे २,५०० रुपये होतात. किमतीतला तीस-चाळीस हजारांचा फरक अशा माणसाला दोन वर्षांच्या आत भरून मिळतो. याउलट जो रोज गणपत गल्लीपर्यंत जाऊन येतो आणि ज्याचे वर्षाचे जेमतेम दीड हजार किलोमीटर होतात, त्याची बचत वर्षाला तीन हजारांच्या आसपासच राहते. त्याने आहे ती गाडी नीट ठेवून चालवणे, किंवा त्याहून चांगले म्हणजे सायकल घेणे, हेच माझ्या मते शहाणपणाचे आहे. केंद्र सरकारचे अनुदान वर्षागणिक घटत आले आहे. त्यामुळे अनुदान न धरताही गणित बसते का, हे आधी पाहावे आणि मिळाले तर ते वरकड समजावे.

आता कार्बनचा हिशेब. कार्बन-तटस्थ प्रवास म्हणजे ज्याने हवेतला कार्बन एकूणात वाढत नाही असा प्रवास. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे आजही सरासरी सुमारे ०.७ किलो जातो, कारण त्यातली बरीच वीज कोळशाची आहे. म्हणजे पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला सुमारे ५१ ग्रॅम सोडते, तर विजेची स्कूटर दूरच्या कुठल्यातरी औष्णिक केंद्रातून सुमारे २१ ग्रॅम सोडते. निम्म्याहून कमी झाले हे खरे, पण शून्य झाले नाही. लिटरला पाच किलोमीटर धावणाऱ्या डिझेलच्या लाल बसचा आकडा किलोमीटरला ५४० ग्रॅम येतो. मात्र तिच्यात चाळीस माणसे बसलेली असतील तर माणशी साडेतेरा ग्रॅमच पडतात. एकट्याने चालवलेल्या विजेच्या स्कूटरपेक्षा भरलेली जुनी बस आजच्या घडीला स्वच्छ आहे, आणि एकट्याने चालवलेल्या विजेच्या मोटारीपेक्षा, जिचा आकडा सुमारे १०५ ग्रॅम येतो, ती कित्येक पटींनी स्वच्छ आहे. वहीतल्या ज्या फेऱ्या बसने होण्यासारख्या आहेत, त्यांवर आधी खूण करावी. त्या खुणेला कसलाही भांडवली खर्च लागत नाही. कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे, हेही त्या हिशेबात धरावे.

बॅटरी तयार होतानाही कार्बन खर्ची पडतो. बॅटरीच्या एक युनिट क्षमतेमागे साधारण साठ ते शंभर किलो एवढा तो धरला जातो. मध्यावरचा ८० किलोचा आकडा घेतला तर तीन युनिटांच्या स्कूटरचे हे कर्ज २४० किलोचे होते आणि किलोमीटरला ३० ग्रॅमच्या बचतीने ते आठ हजार किलोमीटरांत फिटते. चाळीस युनिटांच्या मोटारीचे ३,२०० किलो मात्र, पेट्रोलच्या मोटारीशी तुलना करता, वीजजाळ्याच्या विजेवर फिटायला साठ हजारांहून अधिक किलोमीटर लागतात. तीच मोटार सौर विजेवर चालवली तर एकवीस हजारांच्या आसपास फिटतात. म्हणून मोटार घेणाऱ्याने सौर पॅनेलचा खर्च गाडीच्या किमतीतच मिळवून धरावा, तो नंतर कधीतरी करायचा खर्च समजू नये.

मीटरपाशी

लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो येथे. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या जुन्या घरांना कैक वर्षांपूर्वी एक-दोन किलोवॅटचा भार मंजूर झालेला असतो आणि तो कोणी पुन्हा पाहिलेला नसतो. स्कूटरचा चार्जर बहुधा एक किलोवॅटच्या आतच घेतो, त्यामुळे तो खपून जातो. पण मोटारीचा सोळा अँपिअरच्या प्लगवरचा चार्जर ३.३ किलोवॅटपर्यंत आणि भिंतीवरचा चार्जर ७.२ किलोवॅटपर्यंत ओढतो, तोही सलग सहा-आठ तास. हीटर पंधरा मिनिटांत बंद होतो, मिक्सर दोन मिनिटांत. इतका वेळ एकसारखा भार सोसण्यासाठी घरातली वायरिंग केलेलीच नसते. हेस्कॉमच्या, म्हणजे या भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या, बिलावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो, तो पाहावा आणि कमी असेल तर गाडीची नोंदणी करण्याच्या महिनाभर आधी भार वाढवण्याचा अर्ज द्यावा. अर्ज कन्नडमध्ये असतो. ज्यांना तो वाचता येत नाही त्यांनी सही करण्यापूर्वी भाराची आणि वापराच्या प्रकाराची ओळ कोणाकडून तरी वाचून घ्यावी, कारण पुढचा दर त्या ओळीवर ठरतो.

आमच्या शहापूरच्या घरात पहिल्या उन्हाळ्यात स्कूटरचा चार्जर रात्री मध्येच बंद पडायचा. दोष गाडीचा म्हणून मी दोनदा ती दुरुस्तीला नेली आणि दोन्ही वेळा ती ठणठणीत असल्याचे सांगून परत मिळाली. शेवटी वायरमनने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटरच्या दोन सुया लावल्या, तर आकडा चोवीस व्होल्ट आला. तो दोन-तीनच्या पुढे जाऊ नये. परसातला अर्थिंगचा खड्डा उघडला तेव्हा आत कोरडा तांबडा मुरूम आणि गंजून अर्धी उरलेली पट्टी होती. आपल्याकडची जांभ्याची माती मे महिन्यात वाळली की वीज जमिनीत उतरू देत नाही. निपाणीकडच्या काळ्या मातीत हा त्रास तुलनेने कमी असतो. नवा खड्डा, नवी इलेक्ट्रोड आणि भरावाची पावडर यांना आठ हजारांच्या आत खर्च आला. त्याच वेळी गिझरच्या वायरवरून ओढलेला चार्जिंगचा सॉकेट उघडून पाहिला, तर त्याची मागची बाजू चहासारखी तपकिरी झाली होती.

म्हणून मीटर बोर्डापासून चार्जिंगच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर ओढावी, ती मध्ये कोठेही जोडू नये. सोळा अँपिअरसाठी चार चौरस मिलिमीटरची आणि ७.२ किलोवॅटसाठी किमान सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच), आणि पावसाचे पाणी न लागणारा डबा, एवढे तरी हवेच. अंतर जास्त असेल तर वायर एक पायरी जाड घ्यावी. काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे आणि अर्थिंगचे माप मे महिन्यात घ्यावे. पावसाळ्यात घेतलेले माप नेहमीच चांगले येते.

कर्नाटकाच्या मोफत घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी आणखी एक गणित करावे. या योजनेत २०२३ पासून घराच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मोफत युनिट ठरतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या पुढे गेला की पूर्ण बिल भरावे लागते. ज्या घराचा वापर १७२ युनिट आहे, त्यात स्कूटरची ३० युनिटे पडली की आकडा २०२ होतो. जे बिल शून्य होते ते एकदम चौदाशेच्या घरात जाते आणि स्कूटरच्या दोनशे दहा रुपयांच्या विजेची खरी किंमत सहा-सात पट होते. अशा घराने आधी जुना फ्रिज किंवा पंखे बदलून युनिटे मोकळी करावीत, नाहीतर कामाच्या ठिकाणी चार्जिंगची परवानगी मागावी. चार्जिंगसाठी कर्नाटकात वेगळा दर आहे. त्यासाठी स्वतंत्र मीटर परवडतो का, हे कोटेशन घेऊन ठरवता येते. शेतातल्या पंपाच्या मोफत विजेवर किंवा यंत्रमागाच्या सवलतीच्या मीटरवर गाडी लावण्याचा मोह मात्र टाळावा. तो जोडणीचा गैरवापर ठरतो, आणि पंपाची थ्री-फेज वीज तशीही दिवसातले मोजकेच तास असते.

छतावर

एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. तीन किलोवॅटच्या संचाला सुमारे दोन लाख रुपये लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. वर्षाच्या सुमारे चार हजार युनिटांत मोटारीचे दहा हजार किलोमीटर, म्हणजे दीड हजार युनिटे, आणि वरच्या स्कूटरची ३६० युनिटे भागून घरालाही वीज उरते. खानापूरकडच्या कौलारू घरांवर पॅनेल बसवणे अवघड जाते. तेथे अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर लोखंडी सांगाडा उभारावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा पडतो.

जून ते ऑगस्टमध्ये पॅनेलची वीज खूप घटते हे गृहीतच धरावे. त्याच महिन्यांत राज्यातल्या पवनचक्क्या आणि धरणे जोरात असतात, त्यामुळे जाळ्यातली वीज तेव्हा तेवढी काळी नसते. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जाळ्याला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीमुळे, वर्षाचा ताळेबंद जुळतो, रात्रीचा जुळत नाही: दिवसा दिलेली सौर वीज कागदावर जमा होते आणि रात्री गाडीत भरली जाते ती बरीचशी कोळशाची. ज्याची गाडी दुपारी घरी किंवा दुकानासमोर उभी असते, त्याने तेव्हाच चार्जिंग लावावे. कार्बन-तटस्थ हा शब्द खऱ्या अर्थाने वापरायचा असेल तर त्याचा मार्ग येथून जातो.

लांबचा रस्ता

बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि रस्ता महामार्गाचा आहे, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. गोव्याहून चोर्ला घाटाने परत येताना मात्र गणित वेगळे होते. माणसांसह १,८०० किलोची मोटार समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आणायला, मोटारीतली घट धरून, चार युनिटांच्या वर वीज निव्वळ चढाला लागते, म्हणजे सपाटीवरचे पंचवीस ते तीस किलोमीटर. उतरताना त्यातली काही वीज ब्रेकमधून परत मिळते, पण ती जातानाच्या प्रवासात. तेव्हा गोव्यातून निघताना बॅटरी भरून घ्यावी आणि घाटात चार्जरची वाट पाहू नये. पावसाळ्यात खानापूर भागात झाडे तारांवर पडून वीज जाते. पाऊस लागला की गाडी रोज रात्री ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून ठेवावी.

पुण्याला एकट्याने जायचे असेल तर रेल्वेचाच विचार करावा. या मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते.

कोल्हापुरात गाडी स्वस्त पडते म्हणून तेथे घेणाऱ्या निपाणीकरांनी लक्षात ठेवावे की बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि २५ लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना कर्नाटकाने २०२४ पासून आजीवन कर लावला आहे.

चार्जर लावू पाहणाऱ्यांसाठी

चार्जिंग केंद्र चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक केंद्र अपेक्षित होते. संकेश्वर ते निपाणी पट्ट्यातल्या हॉटेलमालकाने यंत्राच्या किमतीपेक्षा आधी जवळच्या टीसीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, शिल्लक क्षमता विचारावी. साठ किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे तीन किलोवॅटची वीस घरे एकाच वेळी पूर्ण भाराने चालवण्यासारखे आहे. टीसी नवा बसवावा लागला तर त्याचा, तारेचा आणि खांबांचा खर्च अर्जदाराच्या माथी येतो. समजा एकूण पंधरा लाख गुंतले, दिवसाला पाच मोटारींनी वीस-वीस युनिटे घेतली आणि युनिटमागे आठ रुपये सुटले, तर दिवसाचे आठशे होतात. स्थिर आकार आणि देखभाल न धरताही मुद्दल सुटायला पाच वर्षांच्या वर लागतात. जेवायला थांबणारे गिऱ्हाईक तासभर बसत असेल, तर अशा हॉटेलाने आधी ७.२ किलोवॅटचे दोन साधे चार्जर लावून वर्षभर गिऱ्हाईक मोजावे आणि जलद चार्जरची ऑर्डर वाढीव भाराच्या मंजुरीचे पत्र हातात आल्यावरच द्यावी.