मोनो मासे पाळताना पाण्यातील मीठ कसे सांभाळावे

मत्स्यालयाच्या दुकानांत मोनो या नावाने मिळणारा, तबकडीसारखा चपटा चंदेरी मासा, म्हणजेच मोनोडॅक्टिलस अर्जेंटियस, पुष्कळदा गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवलेला असतो आणि घेणाराही त्याला तसाच ठेवतो. हे टाळावे. या माशाची पिल्ले नदीमुखांत आणि खारफुटीत वाढतात व मोठी झाल्यावर समुद्राकडे सरकतात, त्यामुळे वयाबरोबर पाण्याचा खारेपणाही वाढत गेला पाहिजे.

टाकीसाठी सागरी मत्स्यालयाचे मीठच घ्यावे. स्वयंपाकाच्या मिठात पाण्याचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा pH) टिकवणारे क्षार नसतात. पिल्लांसाठी क्लोरीन घालवलेल्या पाण्यात लिटरला सुमारे 9 ग्रॅम मीठ पुरते, म्हणजे हायड्रोमीटर या मापकावर विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) 1.005च्या आसपास दिसते. मीठ वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून, पाणी बदलतानाच टाकीत घालावे आणि गुरुत्व आठवड्याला 0.002 पेक्षा अधिक वाढू देऊ नये, कारण घाई केल्यास माशांइतकाच फिल्टरमधील अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही धक्का बसतो आणि पाणी विषारी होते. पूर्ण वाढलेल्या माशांना 1.015 ते 1.022 इतके खारे पाणी मानवते. बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र क्लोरीनविरहित गोड्या पाण्यानेच भरावी, कारण मीठ टाकीतच उरलेले असते.

सामू 7.5 ते 8.5 आणि तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस ठेवावे. पाणी मृदू असेल तर तळाशी प्रवाळाचा चुरा अंथरल्याने सामू घसरत नाही.

हा मासा थव्याने राहतो. एकटा ठेवलेला मोनो भेदरट होतो, आणि दोन-तीनच असल्यास त्यांतला बलवान बाकीच्यांना छळतो. म्हणून निदान सहा एकत्र ठेवावेत. तो 25 सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, तेव्हा सहांसाठी 500 लिटरहून मोठी आणि उंच टाकी हवी. तेवढी जागा नसेल तर हा मासा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोळंबीचे बारीक तुकडे, गोठवलेले खाद्य आणि उकडलेला पालक हे थोडेथोडे, दिवसातून दोन-तीनदा द्यावे. चंदेरी अंग काळवंडले तर मासा तणावात आहे असे समजून औषधाआधी अमोनिया, नायट्राइट आणि खारेपणा तपासावा; अमोनिया आढळल्यास त्याच खारेपणाचे ताजे पाणी तयार करून टाकीतील साधारण तिसरा हिस्सा लगेच बदलावा.